बिल रसेल : टाळ्यांना न भुललेला माणूस

दोस्तहो, आपल्या अंकाची पानं मोजकी. त्यात एका अमेरिकन बास्केटबॉलपटूवर लेख कशाला, असं कोणी विचारील. विचारायलाच पाहिजे. बास्केटबॉल हा आपल्याकडे शहरातल्या शाळा-कॉलेजांचा खेळ. सारंगखेड्यात कबड्डी, खोखो, क्रिकेट, यात्रेत कुस्ती. मग सहा फूट दहा इंच उंचीचा हा काळा माणूस तापीकाठी आणायचं कारण काय?

कारण एकच. आपल्या पोरांना टाळ्या मिळतात, बरोबरी मिळत नाही. भिलाटीतला पोरगा चढाईला गेला आणि तीन गडी मारून आला की अख्खा गाव ओरडतो. रात्री तोच गाव त्याला ओसरीवर बसू देईल की नाही, ते टाळ्यांवरून कळत नाही. हा फरक ज्याला लहानपणीच कळला आणि कळल्याबरहुकूम जो आयुष्यभर वागला, असा माणूस बिल रसेल.

दुसरं एक नातंही आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या मंडळींनी नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ती ब्लॅक पँथर १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जन्मली. त्याच ओकलंडच्या गरीब वस्तीत बिल रसेल वाढला. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथले काळे आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. म्हणजे ही सोयरीक जुनी आहे. मी काही नवी जुळवत नाही.

विल्यम फेल्टन रसेल जन्मला १२ फेब्रुवारी १९३४ ला, दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात, मनरो इथे. भोवती कापसाचा मुलूख. आपल्या खानदेशासारखाच. पांढरं सोनं पिकवणाऱ्याच्या अंगावर फाटका सदरा असतो, हे तिथेही तसंच. गुलामगिरी कायद्याने संपून सत्तर वर्षं झाली होती, पण काळ्यांची शाळा वेगळी, बसायची जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. त्याचे वडील चार्ल्स एकदा पेट्रोल पंपावर गेले. गोऱ्यांची गाडी आधी, काळ्याने थांबायचं. थांबून थांबून ते निघायला लागले तर पंपवाल्याने बंदूक रोखली. आई केटी एकदा चांगला झगा घालून बाजारात गेली. पोलिसाने दटावलं की हा पोशाख गोऱ्या बायांचा आहे, घरी जा आणि काढून टाक. आपल्याकडे नवं लुगडं नेसलं म्हणून, पायात चप्पल घातली म्हणून, घोड्यावर वरात काढली म्हणून काय काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. कपडा अंगावर कोणता असावा हे दुसऱ्याने ठरवायचं, याचंच नाव जात. तिथे त्याला वंश म्हणतात.

पोर आठ-नऊ वर्षांचं असताना हे कुटुंब गाव सोडून ओकलंडला आलं. बाबासाहेब खेडी सोडा म्हणाले ते याचसाठी. पण शहरही काही आरती घेऊन उभं नव्हतं. १९४६ साली आई वारली. बिल तेव्हा बारा वर्षांचा. वडिलांनी बाहेरगावची ट्रकची कामं सोडली आणि पोरांच्या जवळ राहता यावं म्हणून ओतकामाच्या कारखान्यात राबायला लागले.

शाळेत बिल काही चमकणारा खेळाडू नव्हता. उंच, किडकिडा, हातापायांचा मेळ नसलेला. धाकट्या टीममध्ये जर्सी पंधरा आणि पोरं सोळा. शेवटची जर्सी बिल आणि दुसरा एक पोरगा आळीपाळीने घालायचे. एक खेळला की दुसरा प्रेक्षकांत. शाळा संपताना एकाच कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली, ते म्हणजे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. तिथून गोष्ट सुरू होते.

आता सेंटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच गडी. त्यातला बहुतेक सगळ्यात उंच गडी बास्केटच्या जवळ उभा राहतो, तो सेंटर. खळ्यात मधोमध मेढ रोवलेली असते आणि बैल तिच्याभोवती फिरतात, तसा खेळ त्याच्याभोवती फिरतो. त्या काळी सेंटरचं काम एवढंच समजलं जाई की चेंडू घ्यायचा आणि बास्केटमध्ये टाकायचा. बचाव करताना पाय जमिनीवर ठेवायचे, उडी मारायची नाही, असं कोच लोक शिकवत. रसेलने हे शास्त्र उलटं केलं. समोरच्याने चेंडू टाकला की हा उडी मारून हवेतच अडवायचा. बास्केटला लागून उसळलेला चेंडू, ज्याला रिबाउंड म्हणतात, तो झेपावून पकडायचा आणि धावत्या साथीदाराला द्यायचा. बचाव हाच हल्ला झाला.

या टीमने १९५५ आणि १९५६ अशी दोन वर्षं राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद जिंकलं. सलग ५५ सामने रसेल हरलाच नाही. सुरुवातीच्या पाच गड्यांत तीन काळे, ही त्या काळात न पाहिलेली गोष्ट. १९५४ साली ही टीम ओक्लाहोमा सिटीला खेळायला गेली तर हॉटेलवाल्यांनी काळ्या पोरांना खोल्या द्यायला नकार दिला. अख्खी टीम, गोऱ्या पोरांसकट, एका रिकाम्या वसतिगृहात झोपली. मैदानात जी पोरं चालतात ती गादीवर चालत नाहीत!

आणखी दोन गोष्टी झाल्या. रसेलला आवरायला नियमच बदलला गेला. बास्केटखालची जी पट्टी अडवून आक्रमक गड्याला फार वेळ उभं राहता येत नाही, ती सहा फुटांची बारा फूट केली. एकलव्याचा अंगठा मागायची रीत जगभर आहे. फक्त इथे अंगठा दिला गेला नाही. रसेल बारा फुटांतही जिंकला. दुसरी गोष्ट अशी की १९५५ साली देशातली अव्वल टीम त्याची, आणि उत्तर कॅलिफोर्नियातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली दुसऱ्या कॉलेजच्या गोऱ्या पोराची. त्या दिवशी रसेलने मनाशी ठरवलं की कोणाच्या मतावर मिळणाऱ्या बक्षिसामागे जायचं नाही. टीम जिंकली की हरली हे मतावर ठरत नाही, फळ्यावरच्या आकड्यावर ठरतं. आपण तेवढंच बघायचं.

१९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकात त्याच्या कप्तानीखाली अमेरिकेने सोव्हिएत रशियाला ८९-५५ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षी तो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये विकला गेला. विकला गेला, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. देशभरातून घोडे येतात. गिऱ्हाईक दात बघतो, भोवरे बघतो, रेवाल चाल बघतो. लाखांचे सौदे होतात. सौदा झाला की घोडा नव्या मालकामागे चालू लागतो. आमच्या अहिराणीत म्हणायचं तर, घोडाले कोन इचारस? व्यावसायिक लीगचंही असंच. कोणत्या खेळाडूवर कोणत्या टीमचा हक्क हे टीमा आपापसांत ठरवत. रसेलवर आधी हक्क सांगितला सेंट लुइसच्या टीमने, आणि मग दोन गडी घेऊन तो हक्क बोस्टनला दिला. ते दोन्ही गडी गोरे आणि नावाजलेले होते. हा घोडा मात्र मुका निघाला नाही.

बोस्टन सेल्टिक्ससाठी रसेल १९५६ च्या डिसेंबरपासून १९६९ पर्यंत खेळला. १३ हंगाम, ११ विजेतेपदं. १९५७ चं पहिलं, मग १९५९ ते १९६६ सलग आठ, मग १९६८ आणि १९६९. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक खेळांत सलग आठ कोणी जिंकलेले नाहीत. हातातून गेली ती दोनच, १९५८ आणि १९६७ ची. त्यातल्या पहिल्या वेळी अंतिम फेरीत त्याचा घोटा दुखावला होता. पाच वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकूण रिबाउंड २१,६२०, सामन्याला सरासरी साडेबावीस. ५ फेब्रुवारी १९६० ला एकाच सामन्यात ५१. १९६२ च्या अंतिम फेरीतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात ३० गुण आणि ४० रिबाउंड.

गुणांच्या हिशोबात मात्र तो मोठा नव्हता. सामन्याला सरासरी १५ गुण. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन, तोही काळाच, त्याने २ मार्च १९६२ ला एका सामन्यात शंभर गुण केले. पेपरवाल्यांना शंभर दिसतात. रसेलने किती चेंडू हवेत अडवले ते लीगने मोजलंच नाही. अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ च्या हंगामापासून, तो निवृत्त झाल्यावर. ज्या कामावर सगळं उभं असतं त्या कामाची नोंद होत नाही, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं केली, त्यांची वही कोणी ठेवली?

आता मुद्द्याचं ऐका. दुसरे गडी चेंडू अडवायचे तेव्हा असा काही फटका मारायचे की चेंडू थेट प्रेक्षकांत जायचा. लोक उठून टाळ्या वाजवायचे. पण नियम असा की चेंडू बाहेर गेला तर तो परत समोरच्या टीमलाच मिळतो. रसेल फटका मारत नसे. हलकेच टोलवून चेंडू मैदानात ठेवायचा, साथीदाराच्या हातात जाईल असा. टाळ्या कमी, पण चेंडू आपला. मी जेव्हा जेव्हा आपल्या एखाद्या सभेत माईकवरून व्यवस्थेला दणदणीत शिवी हासडलेली ऐकतो, आणि लोक टाळ्या पिटून घरी जातात, तेव्हा मला हा फरक आठवतो. चेंडू प्रेक्षकांत गेला. आणि परत मिळाला कोणाला?

मैदानाबाहेर काय होतं? बोस्टनजवळच्या रीडिंग गावात त्याने घर घेतलं. गावाने सत्कारही केला. पण घर फोडलं गेलं. भिंतींवर वंशाच्या शिव्या, बक्षिसांची नासधूस, आणि अंथरुणात विष्ठा. अकरा वेळा ज्या शहराचं नाव त्याने वर नेलं त्या शहराच्या दारातली ही कथा. तो लोकांना सह्या देत नसे. उद्धट म्हणायचे त्याला. पण ज्या हाताने सही मागायची त्याच हाताने भिंतीवर काय लिहिलं जातं हे ज्याने वाचलंय, त्याला उद्धट म्हणण्याचा अधिकार कोणाला?

१९६१ च्या ऑक्टोबरात सेल्टिक्सचा एक प्रदर्शनीय सामना केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टनला होता. हॉटेलच्या उपाहारगृहात दोन काळ्या साथीदारांना खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि बाकीचे काळे गडी बॅगा भरून विमानतळावर गेले. न खेळता परत. समोरच्या टीममधले काळे गडीही निघाले. त्या रात्री सामना झाला तो फक्त गोऱ्यांचा. हे १९६१ आहे, लक्षात घ्या. तेव्हा करार मोडला तर पोट बुडण्याची भीती होती.

१२ जून १९६३ ला मिसिसिपीत जॅक्सन गावी मेडगर एव्हर्स या काळ्या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या अंगणात गोळी घातली गेली. त्यानंतर जॅक्सनला जायला कोणीही कचरलं असतं. रसेल गेला, आणि तिथे काळ्या-गोऱ्या पोरांना एकत्र घेऊन बास्केटबॉलचं शिबिर चालवलं. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात त्याला मंचावर बसायचं बोलावणं होतं. त्याने नाकारलं आणि लोकांत जाऊन बसला. आपल्याकडे मंचावरच्या खुर्चीसाठी काय हाणामाऱ्या होतात! जून १९६७ मध्ये, व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिलेल्या मुहम्मद अलीच्या मागे क्लीव्हलंड शहरात जे काळे खेळाडू उभे राहिले, त्यांत रसेल होता.

आता आपल्या मातीतला माणूस. पळवणकर बाळू. चांभार समाजातला, १८७६ च्या सुमारास धारवाडला जन्मलेला, पुण्यात वाढलेला. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करायचा आणि साहेबांना गोलंदाजी टाकायचा. बॅट हातात कोणी देत नसे. डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून त्याचा बोलबाला झाला तेव्हा पुण्याच्या हिंदूंनी त्याला टीममध्ये घेतलं. चेंडू सगळ्यांनी त्याच्याच हातून घ्यायचा, पण चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूची बोटं होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाची कप्तानी त्याला कधीच दिली नाही. १९२० साली डावललं म्हणून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. त्या बंडानंतर, १९२३ साली, विठ्ठल कप्तान झाला. कप्तानी कोणी देत नाही, ती भांडून घ्यावी लागते, हे आपल्या इतिहासात या भावांनी लिहून ठेवलंय.

तरुणपणी बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता. पण पुढे वाटा फुटल्या. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध मताचा. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर उभा केला तो बाळूलाच. बाबासाहेब जिंकले, पण मतांचं अंतर सुमारे दोन हजारांचंच. ज्यांनी त्याला कप्तान केलं नाही, त्यांनी त्याला बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार मात्र केलं! बाळूला शिव्या देऊन आपलं भागणार नाही. त्याने सोसलं ते खरं, त्याचा खेळ खरा. पण इतक्या वर्षांच्या टाळ्या माणसाला हे पटवू शकतात की आत घेतलंय, आता दार उघडेल. दार उघडलेलं नसतं. खिडकीतून हात बाहेर आलेला असतो, चेंडू घ्यायला.

बोस्टनमध्ये मात्र १९६६ च्या एप्रिलमध्ये रसेलला टीमचा कोच नेमलं. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक खेळांत मुख्य कोच झालेला तो आधुनिक काळातला पहिला काळा माणूस. खेळत खेळत कोच. पहिल्याच वर्षी टीम हरली, आणि लोक म्हणायला लागले की बघा, खेळणं वेगळं आणि डोकं चालवणं वेगळं. हे वाक्य आपण इथेही ऐकतो. राखीव जागेवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने ऐकलेलं आहे. १९६८ आणि १९६९ ला रसेलने कोच म्हणून दोन विजेतेपदं घेतली आणि निवृत्त झाला.

१९७२ च्या मार्चमध्ये त्याचा सहा नंबर सेल्टिक्सने कायमचा राखून ठेवला. रसेलची अट होती की प्रेक्षक नकोत. रिकाम्या स्टेडियममध्ये, जुन्या साथीदारांसमोर ती जर्सी वर चढली. ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांच्यासाठी ती होती, एवढाच हिशोब. १९७५ साली बास्केटबॉलच्या सन्मान-मंदिरात त्याचं नाव घेतलं. तो सोहळ्याला गेला नाही आणि अंगठीही घेतली नाही. त्याचं म्हणणं असं की माझ्याआधी ज्या काळ्या खेळाडूंनी वाट पाडली त्यांना आधी घ्या. चक कूपर हा १९५० साली एनबीएच्या टीमने निवडलेला पहिला काळा खेळाडू. त्याचं नाव २०१९ साली घेतलं गेलं. त्यानंतर, त्याच वर्षी, रसेलने आपली अंगठी स्वीकारली. ४४ वर्षं थांबला! आपल्यात कोणी पुरस्कार चव्वेचाळीस मिनिटं तरी थांबवून ठेवलाय का, की आधी अमक्याला द्या?

पुढे अमेरिकाही थोडी हलली. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला देशाचं सर्वोच्च नागरी पदक दिलं. २०१३ साली बोस्टनमध्ये पुतळा उभा राहिला. २०१७ साली काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचारांच्या निषेधात गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंवर सत्ताधारी तुटून पडले, तेव्हा ८३ वर्षांचा हा म्हातारा तेच पदक गळ्यात घालून गुडघा टेकून बसला आणि फोटो जाहीर केला. ३१ जुलै २०२२ ला तो गेला. एनबीएने त्याचा सहा नंबर सगळ्या टीमांसाठी कायमचा राखून ठेवला.

दोस्तहो, आपली पोरं आता सगळीकडे दिसतात. टीममध्ये, कॉलेजात, कचेरीत, कविसंमेलनात. टाळ्या मिळतील. घ्या. टाळी वाईट नाही. पण घरी येऊन मोजा की कप्तान कोण होता, पाणी कोणत्या भांड्यातून मिळालं, ज्याने तुमच्याआधी वाट पाडली त्याचं नाव कोणी घेतलं का. आणि शेवटी चेंडू आपल्या माणसाच्या हातात राहिला का.

जयभीम.